मोडीचं सोनं रिफायनरीला देण्याआधी

सगळ्यात आधी वर्गवारी. भिंग घेऊन प्रत्येक दागिन्यावरचा शिक्का वाचा: ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. एकेका कॅरेटची वेगळी पुडी बांधा. ९२५ दिसलं तर ती चांदी, वर सोन्याचा मुलामा असला तरी. जीएफ (गोल्ड फिल्ड, म्हणजे दुसऱ्या धातूवर चढवलेला सोन्याचा पत्रा) या अक्षरांआधी १/२० आणि १२ के असेल, तर वजनाचा विसावा भाग तेवढा १२ कॅरेटचा. शंभर ग्रॅममागे शुद्ध सोनं जेमतेम अडीच ग्रॅम. असा माल चांगल्या सोन्यात मिसळू नका, सगळ्या लगडीचा (वितळवून ओतलेल्या कांडीचा) टंच, म्हणजे हजार भागांत शुद्ध सोनं किती तो आकडा, खाली येतो. लोहचुंबक फिरवून बघायला हरकत नाही, पण तो लोखंडासारखे मोजकेच धातू पकडतो. पितळ त्याला चिकटत नाही, आणि साखळीच्या कडीतली पोलादी स्प्रिंग मात्र अस्सल दागिन्यातही चिकटते.

मग खडे. बहुतेक ठिकाणी खड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि मुशीत गेलेला खडा परत मिळेल असं धरून चालू नका. किमती खडे आधी काढून घ्या. पोकळ दागिन्यात लाख किंवा मेण भरलेलं असतं, तेही वजनात धरलं जातं आणि वितळताना जळून जातं. जुनी नाणी आणि कारागिरीचे जुने दागिने बाजूला ठेवा. त्यांना कधीकधी सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त मोल येतं, आणि वितळल्यावर ते परत आणता येत नाही. घरी आम्ल वापरून सोनं 'साफ' करण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करा, प्रमाण वजन ठेवून काटा आधी तपासून घ्या, आणि काट्यावरच्या आकड्यासकट प्रत्येक पुडीचा फोटो काढा. भाव औंसात सांगितला असेल तर तो ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. स्वयंपाकाच्या काट्यावरचा औंस २८.३५ ग्रॅमचा, इथे गल्लत झाली की हिशेब जवळपास दहा टक्क्यांनी चुकतो.

आता चौकशी, आणि खरे पैसे इथेच ठरतात. '९८ टक्के देतो' हे वाक्य अर्धवट आहे. कशाच्या ९८ टक्के? मूळ वजनाच्या नव्हे, तर वितळल्यानंतरच्या शुद्ध सोन्याच्या. मग विचारा: वितळवणीचा आणि टंच काढण्याचा आकार (शुल्क) वेगळा आहे का, किमान आकार किती, चांदी-पॅलेडियमचे पैसे मिळतात का, आणि भाव कुठल्या क्षणाचा? लंडनचा भाव तिथल्या वेळेनुसार सकाळी १०:३० आणि दुपारी ३ वाजता, असा दिवसातून दोनदा ठरतो. तुमच्यासाठी माल पोहोचल्या दिवसाचा लावणार की टंच आल्या दिवसाचा, हे लेखी घ्या.

ठरावीक आकार लहान मालाला जड जातो. समजा एकजण ९९ टक्के देतो पण अर्ध्या ग्रॅमच्या किमतीइतका आकार कापतो. दुसरा ९६ टक्के देतो, आकार काही नाही. शुद्ध सोनं १० ग्रॅम असेल तर पहिल्याकडे ९.४ ग्रॅमचे पैसे हाती येतील, दुसऱ्याकडे ९.६ चे. साधारण १७ ग्रॅमच्या पुढे पहिला परवडतो. टक्का मोठा दिसतो म्हणून भुलू नका.

हिशेब असा मांडा. ६० ग्रॅम १८ कॅरेट आणि ४० ग्रॅम १४ कॅरेट: शिक्क्यानुसार शुद्ध सोनं ४५ अधिक २३.४, म्हणजे ६८.४ ग्रॅम. वितळवल्यावर लगड ९८.५ ग्रॅम भरली आणि टंच ६८० आला, तर शुद्ध सोनं ६६.९८ ग्रॅम. गेलेल्या १.४२ ग्रॅमपैकी सुमारे १.०३ ग्रॅम हे मळ आणि लाखेचं वजन आपण सोनं समजून मोजल्यामुळे. उरलेलं सांध्यांच्या झाळीनं आणि स्प्रिंगांनी टंच ६८४ वरून ६८० वर आणल्यामुळे. ९८ टक्क्यांनी ६५.६४ ग्रॅमचे पैसे, त्यातून आकार वजा. म्हणजे घट झाली की सोनं चोरलं असं नव्हे. पण मळ काढलेल्या स्वच्छ मालात टंच शिक्क्यापेक्षा पंधरा-वीस अंकांनी खाली आला, तर मात्र विचारायलाच हवं.

टंच कसा काढला तेही विचारा. एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा किंवा ऱ्होडियमचा थर त्याला चकवतो; दागिन्यावर थेट लावायचं असेल तर आधी कानशीने खोल घासा. भरवशाची ती अग्निपरीक्षा: नमुना शिसं आणि चांदीबरोबर भट्टीत तापवतात, हिणकस धातू शिशाबरोबर कुपीत (सच्छिद्र वाटीत) शोषले जातात, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि उरलेलं सोनं तोलतात. नमुना नीट ढवळलेल्या रसातून किंवा लगडीच्या वरून-खालून, दोन्हीकडून घेतलेला हवा. शक्य असेल तर वितळताना समोर उभे राहा.

माल पाठवणार असाल तर ओळखपत्र आणि खरेदीच्या पावत्या जोडा, पाकिटावर सोन्याचा उल्लेख करू नका, आणि विमा दागिने-सोन्याला लागू आहे की नाही ते नियमांत वाचा. बऱ्याच कुरिअरवाल्यांचा लागू नसतो. पावतीवर आलेलं वजन, वितळल्यानंतरचं वजन, टंच, भाव आणि कपाती हे पाचही आकडे वेगवेगळे मागा. आणि वितळवू देण्यापूर्वी ठरवून घ्या, टंच मान्य नसेल तर उरलेला नमुना किती दिवस जपून ठेवतात आणि तिसऱ्याकडून फेरतपासणीचा खर्च कोण देतं.