आज गळालेलं फूल गेल्या आठवड्यातच बाद झालं होतं : उन्हाळी टोमॅटो-मिरचीसाठी सल्ला

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की फोन सुरू होतात. नाशिक जिल्ह्यातल्या गिरणाऱ्याकडून, दिंडोरीकडून, सिन्नरच्या पट्ट्यातून. तक्रार एकच: "साहेब, सरीत फुलांचा सडा पडलाय, काय मारू?" मी उलट विचारतो, "दादा, आठ-दहा दिवसांपूर्वी ऊन कसं होतं?" समोरचा जरा चिडतो. त्याला फूल आज पडलेलं दिसतंय आणि हा माणूस मागच्या आठवड्याचं काय विचारतोय! पण फुलगळीचं सगळं गणित त्या मागच्या आठवड्यातच असतं.

टोमॅटोच्या फुलाच्या मधोमध जो पिवळा सुळका दिसतो, ती परागकोषांची जुळलेली नळी. तिच्यातले परागकण फूल उमलल्यावर बनत नाहीत. कळी हिरवीगार, ज्वारीच्या दाण्याएवढी असते तेव्हाच आतल्या पेशी विभागायला लागतात आणि एकेका पेशीतून चार-चार परागकण घडतात. फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधीचा हा काळ सगळ्यात नाजूक. परागकोषाला आतून एक पोषक अस्तर असतं. वाढत्या परागकणांना साखर आणि बाकीचं अन्न तेच पुरवतं. कडक उष्म्यात हे अस्तर वेळेआधीच मोडतं. खानावळच बंद पडली तर पोरं उपाशीच राहणार. परागकण पोचट राहतात, रुजत नाहीत. फळ धरलं नाही की देठाच्या गाठीतून फूल सुटतं आणि सरीत पडतं, तेव्हा कुठे आपल्याला कळतं.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे झाड हिरवंच असतं. पानं, शेंडे, मुळ्या सगळं ठणठणीत. फुलातला मादी भागही नराच्या मानाने बराच ऊन सोसतो. मोडतो तो पराग.

टोमॅटोला दिवसा २१ ते २७ अंश आणि रात्री १५ ते २० अंश मानवतं. दिवसा पारा ३२-३५ च्या पुढे गेला आणि रात्रीही २१-२२ च्या खाली उतरला नाही, की सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ धरणं, घसरतं. दुपारच्या उन्हाकडे सगळे बघतात, रात्रीकडे कोणी बघत नाही. गरम रात्री झाडाचा श्वास जोरात चालतो, दिवसभर कमावलेली साखर त्यात जळते आणि परागकणाच्या वाट्याला काही उरत नाही. मार्चमध्ये नाशिक, दिंडोरीकडच्या रात्री अजून गार असतात, हा आपला मोठा आधार. मालेगावकडे हा आधार लवकर सुटतो, म्हणून तिकडच्या शेतकऱ्याने इकडच्या तारखा बघून लागवड करू नये. मिरची आणि ढोबळीची कथा थोड्याफार फरकाने हीच. घेवडा तर रात्रीच्या उष्म्याला दोघींपेक्षा हळवा.

पराग चांगला आहे की नाही, हे बांधावर बघता येतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास नुकतं उमललेलं फूल घ्या, मोबाईलच्या बंद काळ्या स्क्रीनवर धरा आणि देठावर टिचकी मारा. फिकट पिठासारखी भुकटी पडली तर पराग सुटतोय. वेगवेगळ्या ओळींतली वीसेक फुलं झटकूनही स्क्रीन काळीच राहिली, तर आत गडबड आहे. भुकटी पडली म्हणजे पराग जिवंतच असेल असं मात्र नाही. दुसरी खूण भिंगाशिवायही दिसते: पिवळ्या सुळक्याच्या टोकातून मादी भागाची हिरवट काडी बाहेर डोकावते. उष्म्यात ही काडी लांबते, तिचं टोक परागकोषाच्या बाहेर जातं आणि पराग असूनही त्यावर पडत नाही.

आता "काय मारू" याचं उत्तर. गळालेल्या फुलासाठी काहीच नाही. एनएए (फुलगळ रोखायला फवारायचं संजीवक) घ्यायला दुकानदार सांगेल, आणि ते थोडंफार काम करतंही. १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) म्हणजे ४.५ टक्क्यांचं द्रावण साडेचार लिटर पाण्याला १ मिली, त्याहून जास्त नको. पण ते देठाची गाठ सुटू देत नाही, एवढंच. मेलेला पराग जिवंत करत नाही. मी स्वतः एका उन्हाळ्यात वीस गुंठ्यांवर त्याचे तीन हात मारले. फुलं टिकली, फळंही दिसायला लागली, मी खूश. तोडणीला हातात आलं ते कोनाकोनाचं, आतून पोकळ, बी जवळजवळ नाहीच. वजन भरेना, क्रेट मात्र भरत होते. व्यापाऱ्याने एक फळ दाबून बघितलं आणि पुढे गेला.

करायचं ते उष्णतेची लाट यायच्या आधी करा. मेघदूत या हवामानाच्या अॅपवर पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो. कमाल तापमान ३६-३७ च्या पुढे जाणार असं दिसलं की बागेतली ज्वारीएवढी कळी बघा. ती भरपूर असेल तर पुढचा आठवडा तुमच्या कसोटीचा. ठिबकचं पाणी एकदम न देता सकाळी आणि संध्याकाळी विभागून द्या, वाफसा (जमिनीतला बेताचा ओलावा) मोडू देऊ नका. झाडाने पाणी उडवलं तरच पान आणि फूल गार राहतं. तहानलेलं झाड पानांवरची रंध्रं मिटतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा तापतं. मल्चिंगचा प्लास्टिक कागद चंदेरी बाजू वर ठेवूनच अंथरलेला असावा. काळी बाजू वर असेल तर त्यावर उसाचं पाचट किंवा गवत पसरा. युरिया आणि नत्राचे डोस या काळात आखडते घ्या. पाला माजतो आणि साखर शेंड्याकडे पळते. बोरॉन (२० टक्क्यांचं) लिटरला १ ग्रॅम, कळी लहान असतानाच, संध्याकाळी एकदा. परागनळी वाढायला ते लागतं, पण जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात.

शेडनेट ३५ टक्क्यांच्या आसपासचं पुरे. जास्त दाट सावलीत झाड साखरच बनवत नाही, म्हणजे उष्म्यातून वाचवून उपाशी मारल्यासारखं. नेटच्या आत वारा नसतो, म्हणून सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बांधणीच्या तारेवर काठीने हलके टोले द्या. टोमॅटोचा पराग हादऱ्याने सुटतो. उघड्यावर हे काम वारा आणि गुणगुणणारे भुंगे करतात. पुढच्या वर्षी लागवड करताना पश्चिमेला मक्याच्या दोन-तीन ओळी आधीच लावून ठेवा, दुपारचा गरम वारा थोपतो.

आणि प्लॉट घाईने उपटू नका. लाट ओसरली की त्यानंतर घडलेल्या कळ्यांत पराग पुन्हा नीट बनतो. म्हणजे आठ-दहा दिवस फुलं गळतच राहतील, मग सेटिंग परत येईल. तोवर खोटी धरलेली बटणासारखी फळं काढून टाका, झाडाला पाणी आणि पालाश चालू ठेवा. या दहा दिवसांतच लोक धीर सोडतात आणि शेजाऱ्याने सांगितलेली चार औषधं एकाच पंपात मिसळतात.

निफाड-येवल्याकडे बियाण्याचा कांदा असेल तर तिथे पराग आणि मधमाशी अशी दोन्हीकडून अडचण आहे. गोंड्यातल्या (कांद्याच्या फुलांच्या गुच्छातल्या) एकेका फुलात पराग आधी सुटतो आणि मादी भाग नंतर तयार होतो, त्यामुळे मधमाशीशिवाय दाणा भरत नाही. गोंडे फुललेले असताना सकाळची फवारणी पूर्ण बंद ठेवा. फुलकिड्यांसाठी मारावंच लागलं तर सूर्य मावळल्यावर.

फोन करण्याआधी एक करा: किमान-कमाल तापमापक आणून पिकाच्या उंचीवर, सावलीत टांगा. घराच्या पत्र्याखाली नको, तिथला आकडा घराचा असतो. रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. दहा दिवसांचे आकडे सांगितलेत, की कोणती कळी गेली आणि कोणती वाचली ते मी फोनवरच सांगतो.