बांधकाम सॉफ्टवेअरमधील फाईल हटवण्याचे टूल: एआय एजंटसाठी त्याचे वर्णन कसे लिहावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी कंत्राटदारांच्या साईटवरील नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर तयार करतो. नकाशे, अंदाजपत्रके, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे जिच्यात नोंदतात आणि जिच्यावरून बिल निघते) स्कॅन केलेली पाने, काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या क्यूब चाचणीचे अहवाल आणि मोबाईलवर काढलेले असंख्य फोटो त्यात असतात. या सॉफ्टवेअरला एआय एजंट, म्हणजे साध्या भाषेतील आज्ञा ऐकून दिलेल्या टूलांनी स्वतः काम करणारा एआय, जोडला, तेव्हा फाईल हटवण्याच्या टूलचे वर्णन मी एका ओळीत लिहिले होते: ‘दिलेली फाईल हटवते.’

शाळेच्या वर्गखोल्यांचे एक काम सुरू होते. पहिल्या दोन खोल्यांचा पाया भरून झाला, पण पुढच्या खोल्यांखाली काळी माती अधिक खोल निघाल्याने नकाशाची दुसरी आवृत्ती आली. पर्यवेक्षकाने एजंटला ‘जुने नकाशे काढून टाक’ असे सांगितले आणि एजंटने पहिली आवृत्ती काढून टाकली. मोजमाप पुस्तिकेतील पायाची नोंद मात्र त्याच आवृत्तीचा हवाला देत होती. जमिनीखाली गेलेले काम फिरून मोजता येत नाही, त्यामुळे तो नकाशा बॅकअपमधून परत मिळेपर्यंत बिल अडकून राहिले. एजंटने सांगितले तेच केले होते. काय हटवू नये, हे मी कुठेच लिहिले नव्हते.

एजंटला सहसा टूलमागचा कोड दिसत नाही. टूलचे नाव, वर्णन आणि प्रत्येक पॅरामीटरसमोरचा (टूलला द्यायच्या प्रत्येक माहितीसमोरचा) मजकूर एवढ्यावरच तो निर्णय घेतो, म्हणून ‘हटवणे’ म्हणजे नेमके काय घडते, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. फाईल कचरापेटीत जाते की कायमची नष्ट होते, कचरापेटीत किती दिवस राहते, परत कोण आणू शकतो आणि एक आवृत्ती जाते की सगळ्या, हे सारे तिथे आले पाहिजे. प्रत्येक प्रणालीत याचा अर्थ वेगळा असतो. उदाहरणार्थ, ऑटोडेस्क या नकाशे-आराखड्यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या डेटा मॅनेजमेंट एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामना तिच्या फाईली हाताळू देणाऱ्या जोडणीत) फाईल हटवताना तिच्यावर ‘हटवलेली’ या प्रकारची नवी आवृत्ती चढवली जाते. हा फरक लिहिला नाही, तर एजंट वापरकर्त्याला ‘फाईल कायमची गेली’ किंवा ‘चिंता नको, परत आणता येईल’ यांपैकी काहीही सांगू शकतो.

त्यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा: टूल केव्हा वापरू नये. माझ्या सध्याच्या वर्णनातील मजकूर असा आहे: ‘मोजमाप पुस्तिका, बिल किंवा चाचणी अहवाल ज्या फाईलचा हवाला देतो, ती हटवू नये, ती संग्रहात हलवण्यासाठी संग्रह-टूल वापरावे. नवी आवृत्ती आली म्हणून आधीची निरुपयोगी ठरत नाही. वापरकर्ता “जुने”, “जास्तीचे” किंवा “डबल” असे म्हणाला, तर आधी फाईलींची यादी दाखवून होकार घ्यावा.’ माहिती व्यवस्थापनाच्या आयएसओ १९६५० या २०१८ च्या मानकात काम सुरू असलेली, सामायिक केलेली, प्रकाशित आणि संग्रहित अशा चार अवस्था आहेत. तुमच्या प्रणालीत त्या असतील, तर टूल फक्त पहिल्या अवस्थेतील फाईल स्वीकारते, असे स्पष्ट लिहावे आणि कोडमध्येही तसेच करावे.

फाईल नावाने ओळखू देऊ नये. आपल्याकडे एकाच तालुक्यात एकाच नावाचे बुद्रुक आणि खुर्द असतात, आणि घाईत फाईलला नाव देणारा माणूस तेवढेच शेपूट गाळतो. म्हणून पॅरामीटरसमोर ‘शोध-टूलने दिलेला फाईल-क्रमांकच द्यावा, क्रमांक अंदाजाने तयार करू नये’ असे लिहावे. सोबत आवृत्तीचा क्रमांक आणि हटवण्याचे कारण हेही अनिवार्य ठेवावे, कारण पुढे लेखापरीक्षणात प्रश्न आला, की तीच नोंद कामी येते.

खेड्यातील साईटवर नेटवर्क मध्येच जाते. विनंती पोहोचते, फाईल हटते, पण उत्तर परत येत नाही. मग एजंट तीच विनंती पुन्हा करतो. दुसऱ्या वेळी ‘फाईल सापडली नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो मिळत्याजुळत्या नावाची दुसरी फाईल शोधू लागण्याचा धोका असतो. त्याऐवजी ‘ही फाईल आधीच कचरापेटीत आहे, आणखी काही करू नये’ असे उत्तर द्यावे आणि वर्णनातही ते नमूद करावे. इतर त्रुटींच्या संदेशांतही पुढचे पाऊल सांगावे: परवानगी नसेल तर कोणाला विचारायचे, फाईलचा हवाला असेल तर तो कोणत्या बिलात आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा (एआयला टूल जोडण्याच्या सामायिक पद्धतीचा) वापर करत असाल, तर टूल विध्वंसक आहे की नाही, हे सांगणारी खूण त्यात लावता येते. ती जरूर लावावी, पण ती केवळ सूचना असते. खरी अडवणूक सर्व्हरवरच हवी.

वर्णन तयार झाले, की चाचणीच्या प्रकल्पावर साईटवरची माणसे बोलतात तशाच आज्ञा एजंटला द्याव्यात. ‘डबल झालेले फोटो काढ’ असे सांगून, काँक्रीट ओतण्याआधी एकाच स्लॅबच्या सळईचे दोन दिवशी काढलेले सारखे दिसणारे फोटो त्याच्यासमोर ठेवावेत. त्याने न विचारता एक जरी काढला, तर वर्णनातील नेमके कोणते वाक्य अपुरे पडले ते शोधून बदलावे आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी.