एसी सर्व्हिससाठी मुलं घ्यायची ती सप्टेंबरमध्ये

एप्रिलमध्ये रिकामा बसलेला एसी मेकॅनिक शोधू नका. ज्याचा हात चांगला तो तेव्हा रिकामा नसतो, आणि जो रिकामा आहे त्याला आधीच्या मालकाने का सोडलं हे मे महिन्यात गिऱ्हाईकच तुम्हाला फोन करून सांगतं. पाच-दहा माणसांच्या सर्व्हिस कंपनीने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कच्चा मुलगा घ्यावा आणि फेब्रुवारीअखेर त्याला एकट्याने कॉलवर पाठवता येईल इतका तयार करावा.

मुलं मिळण्याची पहिली जागा आयटीआय. ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. नोटीस बोर्डावर जाहिरात लावण्यापेक्षा त्या ट्रेडच्या निदेशकांना जाऊन भेटा. वर्कशॉपमध्ये सुट्टीनंतरही कोण थांबतो, हे त्यांना गुणपत्रिकेपेक्षा चांगलं माहीत असतं. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा मुलगाही चालतो. इन्व्हर्टर एसीच्या बऱ्याच तक्रारी विजेच्याच असतात, आणि ब्रेझिंग (तांब्याचे पाइप तापवून सांधणं) शिकवणं वायरिंग डायग्राम वाचायला शिकवण्यापेक्षा सोपं आहे.

शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायचं असेल तर अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करा. ३० किंवा अधिक माणसं असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. करारनामा पोर्टलवरच होतो. कागदात अडलात तर आयटीआयला जोडलेल्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारांचं प्रशिक्षण पाहणाऱ्या केंद्रात) विचारा. मुलगा १८ पूर्ण असलेलाच घ्या, कारण हे उंचीवरचं आणि विजेचं काम आहे.

मुलाखत टेबलावर घेऊ नका. त्याच्या हातात पाव इंची तांब्याचा पाइप, कटर, रीमर (कापलेल्या तोंडाची आतली धार साफ करायचं हत्यार) आणि फ्लेअरिंग टूल द्या आणि दोन फ्लेअर काढायला सांगा, म्हणजे नटने जोडण्यासाठी पाइपचं तोंड फाकवायला. फ्लेअर कसा आला हे नंतर पाहा, आधी हात पाहा. रीमिंग करताना पाइपचं तोंड खाली धरलं का? वर धरलं तर तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे कॅपिलरीत किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. नट आधी घातला की फ्लेअर काढल्यावर आठवला? नट विसरणं माफ आहे, पण तसाच आवळून पाहणारा मुलगा नको.

मग क्षमता उतरलेला एक ४५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आणि मीटर द्या. रीडिंग घेण्याआधी त्याने तो डिस्चार्ज केला, तर या मुलाला कुणीतरी नीट शिकवलं आहे. शेवटी विचारा: ‘गिऱ्हाईक म्हणतं कूलिंग कमी आहे, तू काय करशील?’ ‘गॅस भरीन’ हे पहिलं उत्तर आलं तर गुण कापा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. फिल्टर, कॉइल, फॅन, कपॅसिटर यांची नावं आधी घेणारा मुलगा घ्या, भले त्याचा फ्लेअर वाकडा का असेना.

पहिले दोन आठवडे त्याला गिऱ्हाइकाच्या घरी नेऊ नका. भंगारात गेलेला एक स्प्लिट एसी वर्कशॉपच्या भिंतीवर टांगा आणि तो रोज उतरवून पुन्हा लावायला सांगा. याच काळात दोन सवयी हाडात भिनायला हव्यात. पहिली, एमसीबी पाडल्यावरही मीटर लावून सप्लाय गेल्याची खात्री करायची. दुसरी इन्व्हर्टरच्या आउटडोअरची: सप्लाय बंद केला तरी पीसीबीवरच्या (सर्किट बोर्डवरच्या) मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी उरलेलं असतं. किमान १० मिनिटं थांबायचं, मीटरने मोजायचं, मगच हात लावायचा.

त्यानंतर मिस्त्रीच्या हाताखाली. इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते, कारण ‘जा, त्याच्याबरोबर शिक’ म्हटलं की मुलगा पुढचे सहा महिने शिडी धरतो आणि हत्यारं उचलून देतो. म्हणून कामांचं कार्ड करा. २० जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एसी धुणं), ८ इन्स्टॉलेशन, ५ लीक शोधून व्हॅक्यूम (पंपाने पाइपमधली हवा आणि ओल खेचून काढणं) आणि चार्जिंग (गॅस भरणं), १० इलेक्ट्रिकल तक्रारी. प्रत्येक काम मुलाने स्वतःच्या हाताने केलेलं, मिस्त्री बाजूला उभा, आणि खाली मिस्त्रीची सही. पाचातलं एक काम तुम्ही स्वतः जाऊन तपासा, नाहीतर महिनाअखेरीस सगळ्या सह्या एकाच पेनाने झालेल्या दिसतील.

कार्डावरचं सगळ्यात अवघड काम व्हॅक्यूमचं आहे, त्याला वेळ द्या. जोडणी झाली की आधी नायट्रोजन भरून गळती तपासायची, तोही रेग्युलेटर लावूनच. १५० पीएसआयला थांबून साबणाचं पाणी फिरवायचं, मग आर-३२ गॅसच्या स्प्लिटला मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रेशरपर्यंत न्यायचं आणि अर्धा तास सोडायचं. ब्रेझिंगचा ऑक्सिजन सिलिंडर जवळ आहे म्हणून त्याने प्रेशर टेस्ट करणारे महाभाग अजून आहेत. कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली की स्फोट होतो. हे पहिल्याच दिवशी सांगा आणि दर आठवड्याला पुन्हा सांगा.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत खेचायचं (आकडा जितका कमी तितकं व्हॅक्यूम चांगलं), व्हॉल्व्ह बंद करून १५ मिनिटं गेज पाहायचा. काटा चढतच राहिला तर लीक आहे. थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. साध्या कंपाउंड गेजवर हा फरक दिसत नाही. तो उणे ३० दाखवतो आणि मुलगा खूश होतो, म्हणून मायक्रॉन गेज घ्याच. पंपाचं तेल दुधाळ झालं की बदला, नाहीतर ५०० कधीच येणार नाही. पंप न लावता गॅस सोडून पाइपमधली हवा काढण्याची सवय पहिल्याच दिवसापासून मोडा. आर-३२ आणि आर-२९० पेट घेणारे गॅस आहेत. चार्जिंग वजनकाट्यावर, नेमप्लेटवरच्या ग्रॅमप्रमाणे, अंदाजाने नाही.

उंचीवर फुल बॉडी हार्नेस हवाच. तो अडकवायचा कुठे, हेही शिकवायला लागतं. खिडकीची ग्रिल, जुना ब्रॅकेट किंवा ड्रेनचा पाइप म्हणजे आधार नव्हे. आरसीसी कॉलम किंवा बीममध्ये ठोकलेला अँकर हवा. छज्ज्यावर काम असेल तर दोघं जातील. गिऱ्हाईक उशीर झाला म्हणून ओरडलं तर ते तुम्ही ऐकून घ्या, मुलाला पुढे करू नका.

आता पैशाचं. मिस्त्रीला कॉलमागे इन्सेन्टिव्ह देत असाल तर शिकाऊ मुलगा सोबत घेतल्यावर त्याचे दिवसाचे दोन कॉल कमी होतात. तो कशाला शिकवेल? ते नुकसान भरून द्या आणि वर शिकवण्याचे वेगळे पैसे ठेवा: अर्धे कार्ड पूर्ण झाल्यावर, अर्धे मुलाचा पहिला सीझन पार पडल्यावर. इन्सेन्टिव्हही कॉल बंद झाल्यावर लगेच देऊ नका. ३० दिवसांत तीच तक्रार परत आली नाही तरच द्या. केवळ कॉलच्या संख्येवर पैसे दिले की कॉइल न धुताच फोटो पाठवले जातात.

मुलं टिकत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा जून असतं. पाऊस सुरू झाला की पगार अर्धा होणार असेल, तर तो दुसरीकडे जाणारच. बारा महिने ठरलेला पगार द्या आणि पावसाळ्यात एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) कामं, फ्रीज, वॉशिंग मशीन यांवर लावा. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणं किंवा मोठी उचल देऊन बांधून घेणं हे दोन्ही टाळा. गेलेलं माणूस परत येण्याची वाट त्याने बंद होते. ‘प्रायव्हेट’ कॉलचा प्रश्न दमदाटीने सुटत नाही. युनिटवर कंपनीच्या नंबरचा स्टिकर, पैसे थेट कंपनीच्या क्यूआर कोडवर आणि मुलाने आणलेल्या प्रत्येक एएमसीवर त्याला वाटा, एवढं केलं की बराच फरक पडतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाची बॅग टेबलावर रिकामी करून घ्या. क्लॅम्प मीटरची बॅटरी, मॅनिफोल्डचे (प्रेशर गेजच्या संचाचे) वॉशर, टॉर्क रेंच (पाव इंची नटला १४ ते १८ न्यूटन-मीटर), पीसीबी झाकायचं प्लास्टिक, जेट पंपाचा नोझल, हार्नेसच्या शिवणी. तुटलेली वस्तू कंपनीच्या खर्चाने तिथल्या तिथे बदलून द्या.