जनरल मार्शल यांच्यावर भाषण बसवताना

लष्करी माणसावर बोलायचं म्हटलं की पोरं आधी पदकांची यादी पाठ करतात. साताऱ्यात तरी हे चालू देऊ नका. इथे अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावातली माणसं ऐकायला बसलेली असतात, पदक कशापायी मिळतं हे त्यांना कळतं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांच्यावरचं भाषण मी मुलांकडून कसं बसवून घेतो, ते सांगतो.

जन्म-शिक्षण एका वाक्यात उरका: १८८० साली पेनसिल्व्हेनियात जन्म, १९०१ मध्ये व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून पदवी. मग थेट १ सप्टेंबर १९३९. जर्मनी पोलंडवर चालून गेली त्याच दिवशी मार्शल लष्करप्रमुख झाले. तेव्हा अमेरिकेचं सैन्य दोन लाखांच्या आत होतं, १९४५ पर्यंत ते ऐंशी लाखांवर गेलं. हे आकडे सावकाश म्हणायला लावा. डिसेंबर १९४४ मध्ये मिळालेले पाच तारे, म्हणजे लष्करातला सर्वांत वरचा हुद्दा, त्यानंतरच.

गाभा मात्र डिसेंबर १९४३ चा. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवरच्या नॉर्मंडीच्या स्वारीचं नेतृत्व मार्शल यांच्याकडेच जाणार, असं बहुतेकांनी धरलं होतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी त्यांची इच्छा विचारली. त्यांनी स्वतःसाठी शब्द टाकला नाही, निर्णय राष्ट्राध्यक्षांवर सोपवला. रूझवेल्टना ते वॉशिंग्टनमध्येच हवे होते, मान जनरल आयझेनहॉवर यांना गेला. इथे मी ‘महान’, ‘त्याग’ हे शब्द खोडतो. घडलं ते नीट सांगितलं की पुरतं.

पुढे इटली. मे १९४४ मध्ये मार्शल यांचा सावत्र मुलगा अ‍ॅलन, रणगाडा दलातला तरुण अधिकारी, तिथे मारला गेला. त्याच इटलीत १० जुलैला मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी हा धागा जरूर जोडा, पण ताणू नका, भाषण मार्शल यांचं आहे.

नोबेलआधीही कामच येऊ द्या. ५ जून १९४७ ला परराष्ट्रमंत्री म्हणून हार्वर्डमध्ये त्यांनी उद्ध्वस्त युरोपला मदतीचा विचार मांडला. त्यातून सुमारे तेरा अब्ज डॉलर गेले आणि १९५३ चं शांततेचं नोबेल आलं.

परीक्षक हमखास विचारतात: सैनिकाला शांततेचं पारितोषिक कसं? ऑस्लोतल्या व्याख्यानात मार्शल यांनी हा प्रश्न स्वतःच घेतला होता. युद्धाची किंमत आपल्यासमोर सतत असते, थडग्यांच्या रकान्यांनी भरलेल्या वह्यांत मांडलेली, अशा अर्थाचं ते बोलले. तो भाग मुलाला वाचायला द्या आणि उत्तर त्याच्याच शब्दांत येऊ द्या. घोकलेलं उत्तर पुढच्या उपप्रश्नाला अडकतं.