सोनटक्क्याच्या भरवशावर लाल जिंजर कुजवू नका

वाचून झालं की कुदळ घ्या आणि वाफ्याकडे जा. सरीत पाणी उभं असेल तर आधी चर मोकळा करा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल, चर मात्र आजच.

आम्हा कोकणातल्यांना सोनटक्क्यानं बिघडवलंय. न्हाणीच्या पाण्यावर, व्हाळाच्या कडेला, चिखलात पाय रोवून तो वर्षानुवर्षं उभा असतो आणि पावसाच्या शेवटी अंगण घमघमवतो. मग आपण धरून चालतो की आल्याच्या नात्यातलं सगळं असंच. तसं नाही. लाल जिंजर (अल्पिनिया), टॉर्च जिंजर आणि सयाम ट्यूलिप म्हणून विकतात ती शोभेची हळद, यांना ओल हवी, साचलेलं पाणी नको. कंदकूज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जिवाचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. एका गड्ड्याचं दुखणं सरीतून सगळ्या ओळीला लागतं.

ओळखीच्या एका बागायतदारानं सुपारीत लाल जिंजरच्या दोन ओळी लावल्या होत्या. खाली जांभा, वर हातभर माती. जुलैत पानं पिवळी पडली तेव्हा दुकानदारानं खुराक कमी पडतोय म्हणून ह्युमिकची महागडी बाटली गळ्यात मारली. दोनदा ओतली. मी गेलो तेव्हा गड्डा उकरला. पाती अजून अर्धी हिरवी, पण खाली बोट दाबलं तर पेज! खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं. वरून वाफा कोरडा दिसत होता, पाणी कातळावर अडलं होतं. म्हणून वरची माती बघून ठरवू नका, वीतभर उकरून बघा.

पिवळा पडलेला फुटवा बुडाशी धरून हलका ओढा. सहज हातात आला आणि कुबट वास आला तर कंदकूज. पानं हिरवी असतानाच मान टाकत असतील तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगा. दुधासारखे धागे उतरले तर जिवाणूची मर, तिला कुठल्याच बाटलीत औषध नाही. गड्डा मातीसकट काढा.

कंदकुजीला आले-हळदीची शिफारस आहे तीच: कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ते ३० ग्रॅम, किंवा १ टक्का बोर्डो, बुंध्याशी आळवणी (म्हणजे द्रावण मुळाशी ओतणं). बोर्डो घरी करा, स्वस्त पडतं. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत कालवून मग एकत्र करा. लोखंडी विळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना वाढवा. पण चर न काढता आळवणी म्हणजे पाण्यात पाणी. माझा अंदाज असा की निम्मी झाडं नुसत्या निचऱ्यानं वाचतात. त्याला शास्त्र विचारू नका, डोळ्यांनी पाहिलंय.

इतर कामं:
- कुजके गड्डे काढल्यावर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या; बोर्डो किंवा कॉपरच्या आळवणीनंतर लगेच नको.
- उघडे पडलेले कंद मातीनं झाका.
- खोडकिड्याचे पोखरलेले, विष्ठा दिसणारे फुटवे बुडातून कापा.
- फुलून गेलेले दांडे काढा.
- पाचोळा बुंध्यापासून चार बोटं दूर.
- युरिया आत्ता नको.

आणखी एक. शोभेची हळद दिवाळीनंतर पानं टाकते. ती मेली समजून पाणी ओतत बसणारे दर हिवाळ्यात भेटतात. ती झोपलेली असते. कुंडी आडवी करून पडवीत ठेवा, मे अखेर परत लावा, आणि ते वीतभर उंच गादीवाफ्यावर.

काढलेला कुजका गड्डा पाटात भिरकावू नका. पाट खालच्या शेजाऱ्याच्या आल्यात जातो.