टाक्यांवर नजर ठेवा
आमच्या पाळीव चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी उजेडात तिला आडवी करून टाके बघते. कडेला थोडी लाली, हलकी सूज चालते. पू, घाण वास किंवा उसवलेला टाका दिसला की त्याच दिवशी दवाखाना.

पहिले दोन दिवस हिरड्या वरचेवर बघा. ओठ उचलायचा, हिरडी बोटाने दाबून सोडायची. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरड्या पांढरट, पोट फुगलेलं, उठायलाच तयार नाही? आत रक्तस्राव असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

गळ्यातला कोन, म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून घातलेली शंकूसारखी कॉलर, १०-१४ दिवस काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी (चिंगी यात पटाईत). घरातलं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, हळदही थापू नका. अंघोळ टाके निघाल्यावरच.