कॅल्क्युलस पक्कं आहे आणि प्रॉबॅबिलिटी शिकताय? मग या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या गणिताचे एम वन, एम टू, एम थ्री सगळे पेपर निघाले, इंटिग्रेशन बाय पार्ट्स डोळे मिटून येतं, आणि आता गेटसाठी नाहीतर डेटाच्या जॉबसाठी प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स हातात घेतलंय, असे पोट्टे-पोट्टी नागपुरात सध्या खूप भेटून राहिले. गेटमधे २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला तेव्हापासून तर जास्तच. शिकवताना त्यांच्या वह्या बघतो तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, इंटिग्रल एकदम बरोबर सोडवलेलं असतं आणि उत्तर चूक असतं. चूक होते ती इंटिग्रलचं चिन्ह काढायच्या आधी. काय रँडम आहे, ते कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं, आपल्याला आधीच काय माहीत आहे, हे तीन प्रश्न न विचारताच पेन चालू होतो. खालच्या जवळपास सगळ्या चुका तिथूनच येतात.

पहिली अगदी छोटी, लवकर सांगून मोकळं होतो. डेन्सिटी (ज्या वक्राखालचा एरिया प्रॉबॅबिलिटी देतो, तो वक्र) म्हणजे प्रॉबॅबिलिटी नाही. ० ते अर्धा यामधे युनिफॉर्म असलेल्या व्हेरिएबलची डेन्सिटी २ असते, १ पेक्षा मोठा आकडा दिसला की लोक घाबरून गणित खोडतात, तर खोडू नका, खालचा एरिया १ भरला पाहिजे, उंची किती का असेना. डेन्सिटीला युनिट असतं हे लक्षात ठेवलं तर हा गोंधळ कायमचा जातो. संत्र्याचं वजन ग्रॅममधे मोजलं तर डेन्सिटी 'पर ग्रॅम' येते, तेच किलोमधे लिहिलं तर डेन्सिटीचा आकडा १००० पट होतो, पण संत्रं १५० ते १६० ग्रॅमचं असण्याची प्रॉबॅबिलिटी होती तेवढीच राहते.

लिमिट्स, लिमिट्स, लिमिट्स

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

समजा दोन मित्र संध्याकाळी फुटाळा तलावावर भेटणार आहेत, दोघंही ५ ते ६ च्या मधे कधीही येऊ शकतात आणि एकाच्या येण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. जो आधी आला त्याची वेळ एक्स, जो नंतर आला त्याची वाय, दोन्ही तासात मोजा, म्हणजे ० ते १. या दोघांची जॉइंट डेन्सिटी, म्हणजे दोन्ही वेळांची मिळून डेन्सिटी, २ येते. नुसती २. आता वहीत काय होतं, एक्सची मार्जिनल (एकट्या एक्सची डेन्सिटी) काढायची म्हणून वायवर ० ते १ इंटिग्रेट केलं, उत्तर २ आलं, पुढे गेले. पण ० ते १ मधे २ चा एरिया २ होतो, मग ती डेन्सिटी कशी असेल? चूक अशी की वाय हा एक्सच्या नंतरच येणार, म्हणून वाय फक्त एक्स ते १ इतकाच फिरतो. मग मार्जिनल येते २ गुणिले (१ वजा एक्स), आणि वायची येते २ वाय. पहिला सरासरी ५ वाजून २० मिनिटांनी येतो, दुसरा ५:४० ला.

याच उदाहरणात अजून एक सापळा आहे. जॉइंट डेन्सिटी २ आहे, म्हणजे १ गुणिले २ असं तोडता येतं, म्हणून दोन्ही इंडिपेंडंट, असं लिहून मोकळे होतात. फॉर्म्युला तुटला तरी एरिया तुटत नाही ना भाऊ, तो त्रिकोण आहे, चौकोन नाही. पहिलाच ५:५० ला आला तर दुसरा ५:३० ला येऊच शकत नाही, म्हणजे एकाची वेळ कळली की दुसऱ्याबद्दल माहिती मिळाली, इंडिपेंडंट कुठले? म्हणून सवय लावा, डेन्सिटी लिहिली की शेजारी ती कुठे लागू आहे ते लिहायचं आणि दोन व्हेरिएबल असले तर चित्र काढायचंच. चित्र काढलं की कधीकधी इंटिग्रल लागतच नाही. पहिल्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त वाट बघावी लागण्याची प्रॉबॅबिलिटी विचारली, तर आधी-नंतर न लावता दोघांच्या मूळ वेळांचा चौकोन काढा, त्याच्या दोन कोपऱ्यातले दोन त्रिकोण जोडले की पाऊणचा वर्ग, म्हणजे ९/१६, संपलं.

व्हेरिएबल बदलताना पण हेच होतं. एक्स ० ते १ युनिफॉर्म, वाय म्हणजे एक्सचा वर्ग, तर वायची डेन्सिटी पण १ असं लिहितात कारण नुसतं सबस्टिट्यूशन केलं आणि जेकोबियन (व्हेरिएबल बदलताना गुणायचा डेरिव्हेटिव्ह) राहिला. फॉर्म्युला आठवत बसू नका, आधी वाय एखाद्या आकड्यापेक्षा कमी असण्याची प्रॉबॅबिलिटी काढा, ती रूट वाय येते, मग डेरिव्हेटिव्ह घ्या, १ भागिले २ रूट वाय. हा रस्ता एक ओळ लांब आहे पण यात चुकायला जागा फार कमी. आणि नॉर्मलचा वर्ग करताना प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंकडून तोच वर्ग येतो, एकच बाजू घेतली तर एरिया अर्धा भरेल.

सरासरीचं फंक्शन आणि फंक्शनची सरासरी एक नसते, हे सगळे पाठ म्हणतात आणि गणितात विसरतात. घर ते ऑफिस २० किलोमीटर धरा, अर्ध्या दिवशी ताशी २० ने जाता, अर्ध्या दिवशी ४० ने. सरासरी स्पीड ३० म्हणून ४० मिनिटं लागतात असं म्हणाल तर चुकलं, एक दिवस ६० मिनिटं आणि एक दिवस ३०, सरासरी ४५. सरळ रेषेचं फंक्शन असलं तरच दोन्ही हमखास जुळतात.

कंडिशन बदलली की प्रश्नच बदलतो

कॅल्क्युलसमधे अशी भानगड नसते, म्हणून याला वेळ द्या. एक आजार १०० पैकी १ जणाला आहे, टेस्ट आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते (आकडे समजण्यासाठी घेतलेत). टेस्ट पॉझिटिव्ह आली, आजार असण्याची प्रॉबॅबिलिटी किती? बहुतेक लोक ९० म्हणतात. २००० माणसं घ्या. २० आजारी, त्यातले १८ पॉझिटिव्ह. १९८० निरोगी, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. म्हणजे ११७ पॉझिटिव्हमधे खरे आजारी १८, जेमतेम १५ टक्के. बेजचा फॉर्म्युला पाठ असूनही उलटसुलट आकडे टाकणारे मी खूप पाहिलेत, माणसं मोजायला लावली की तेच लोक चुकत नाहीत, म्हणून निदान सुरुवातीचे काही महिने तरी माणसंच मोजा.

आता कॅल्क्युलसवाल्यांना आवडेल असं एक. मेट्रो बरोबर दर १० मिनिटाला सुटते असं धरा, तुम्ही स्टेशनवर कधीही पोचलात तर सरासरी ५ मिनिटं थांबाल. आता दोन बसमधलं अंतर एक्सपोनेन्शियल आहे आणि सरासरी तेच, १० मिनिटं. किती थांबाल? सगळे ५ च म्हणतात. उत्तर १० आहे. कारण तुम्ही अचानक थांब्यावर जाता तेव्हा छोट्या गॅपमधे सापडण्यापेक्षा मोठ्या गॅपमधे सापडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तुमच्या वाट्याला आलेल्या गॅपची डेन्सिटी एक्सने गुणली जाते आणि १० ने भागली जाते, तिची सरासरी काढा, २० मिनिटं येते, त्यातली सरासरी अर्धी तुम्ही थांबता. इंटिग्रल बारावीच्या लेव्हलचं आहे, पण कोणती डेन्सिटी घ्यायची हे ठरवण्यातच सगळा खेळ आहे.

कॅल्क्युलसच्या दोन सवयी ज्या इथे दगा देतात

एक, ऑड फंक्शन म्हणजे इंटिग्रल शून्य. कोशी डिस्ट्रिब्युशनची डेन्सिटी १ भागिले पाय गुणिले (१ अधिक एक्सचा वर्ग), दिसायला शून्याभोवती छान सिमेट्रिक, म्हणून मीन शून्य लिहितात. नुसती प्लसची बाजू इंटिग्रेट करा, लॉग येतो आणि तो इन्फिनिटीला जातो. दोन इन्फिनिटींची वजाबाकी करून शून्य म्हणता येत नाही, त्यामुळे मीन अस्तित्वातच नाही. तुम्ही लाख ऑब्झर्व्हेशन्सची सरासरी घेतली तरी तिचं डिस्ट्रिब्युशन एका ऑब्झर्व्हेशनसारखंच राहतं, ती कुठेच स्थिरावत नाही.

दोन, मॅक्सिमम पाहिजे म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य. समजा एखाद्या वेटिंग टाइमचं डिस्ट्रिब्युशन ० ते थीटा युनिफॉर्म आहे आणि पाच वेळा मोजलं तर १, ३, ९, २, १ मिनिटं आली. लाइकलिहुड, म्हणजे थीटा अमुक असेल तर नेमका हाच डेटा येण्याची डेन्सिटी, आहे १ भागिले थीटाचा पाचवा घात. लॉग घेतला, डेरिव्हेटिव्ह काढला, शून्य केला, थीटा मिळतच नाही, मग पोट्टे तासभर त्यातच गुंतून बसतात. अरे पण थीटा ९ पेक्षा लहान असूच शकत नाही, ९ मिनिटं आपण स्वतः पाहिलीत! ९ च्या पुढे फंक्शन नुसतं उतरतं, म्हणून मॅक्सिमम एंडपॉइंटला, ९ वर. मग तो आकडा सरासरीने थोडा कमी पडतो म्हणून ६/५ ने गुणला तर १०.८. आणि ज्याने सरासरी दुप्पट करून थीटा काढला त्याचं उत्तर ६.४ येतं, जे शक्यच नाही.

याला जोडूनच एक. १९४५ मधे सी. आर. राव यांनी कोलकात्यात मांडलेली जी इनइक्वॅलिटी आपण सगळे क्रेमर-राव नावाने शिकतो (अनबायस्ड अंदाजाचा व्हेरिअन्स निदान किती असणारच, ही खालची मर्यादा ती सांगते), ती या युनिफॉर्मवर लावून लोक विचारतात, सर इथे व्हेरिअन्स खालच्या मर्यादेपेक्षाही कमी कसा आला? कारण तिच्या सिद्धतेत थीटाचा डेरिव्हेटिव्ह इंटिग्रलच्या आत नेलेला असतो, आणि इथे तर इंटिग्रलची वरची लिमिटच थीटा आहे, लायबनिझच्या नियमात लिमिटची जादा टर्म येते ती आठवा. अट मोडली, म्हणून ती मर्यादा इथे लागूच नाही. एररचा व्हेरिअन्स इथे १ भागिले एनच्या (एन म्हणजे किती वेळा मोजलं) वेगाने नाही तर १ भागिले एनच्या वर्गाच्या वेगाने घटतो. कॅल्क्युलस पक्कं असल्याचा खरा फायदा अशा ठिकाणी होतो बघा.

स्टॅटिस्टिक्समधे आल्यावर मात्र वेगळीच चूक सुरू होते, डेटा आला कुठून हे कोणी विचारत नाही. कळमन्याच्या बाजारात एका गाडीच्या वरच्या थरातली ४० संत्री उचलली, वजनं घेतली, सिग्मा (वजनांचं स्टँडर्ड डेव्हिएशन) भागिले रूट एन लावला, सरासरी वजनाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून दिला. त्या रूट एनमागे 'इंडिपेंडंट' ही अट आहे, आणि एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली, वर निवडून रचलेली संत्री इंडिपेंडंट नसतात. अशा वेळी फॉर्म्युल्यातून आलेला इंटरव्हल खोटा अरुंद असतो आणि तो बघून तुम्हाला उगाच खात्री वाटते. एन ३० च्या वर गेला की सगळं नॉर्मल, हा पण कुठला कायदा नाही, डिस्ट्रिब्युशन खूप एका बाजूला झुकलेलं असलं तर ३० ने काही होत नाही. आणि ९५ टक्के हा आकडा इंटरव्हल काढायच्या पद्धतीबद्दल बोलतो, की ती पुन्हा पुन्हा वापरली तर १०० पैकी साधारण ९५ इंटरव्हल खऱ्या आकड्याला पकडतील. पी व्हॅल्यू पण तशीच, हायपोथेसिस खरं धरल्यावर असा किंवा याहून टोकाचा डेटा येण्याची प्रॉबॅबिलिटी, हायपोथेसिस खरं असण्याची नव्हे.

मोजणीचा चॅप्टर लहान मुलांचा म्हणून सोडू नका एवढंच सांगतो. तीन फाशांची बेरीज ९ आणि १०, दोन्ही सहा-सहा प्रकारे बनतात, तरी २१६ पैकी ९ ला २५ जागा आहेत आणि १० ला २७, यावर गॅलिलिओला लिहावं लागलं होतं.

उत्तर विचित्र आलं तर कुठे बघायचं

डेन्सिटीचा एरिया २ आला तर लिमिट्स बघा, अर्धा आला तर एखादी बाजू सुटली. मार्जिनल एक्सची काढली आणि उत्तरात वाय राहिला तर लिमिट्स टाकायच्या राहिल्या किंवा उलट्या क्रमाने इंटिग्रेट केलं. व्हेरिअन्स निगेटिव्ह आला तर बहुतेक वेळा मीनचा वर्ग करायचा राहिला, किंवा मीन मधेच राउंड केला. प्रॉबॅबिलिटी १ च्या वर गेली तर 'किंवा' वाल्या घटना जोडताना कॉमन भाग दोनदा मोजला गेलाय.

यातलं काहीच सापडलं नाही तर एक्सेल उघडा. फुटाळ्याचंच गणित घ्या, दोन कॉलममधे रँड फंक्शन, तिसऱ्यात दोघातला छोटा आकडा, १०,००० ओळी खाली ओढा आणि तिसऱ्या कॉलमची सरासरी घ्या. ०.३३३ च्या आसपास यायला पाहिजे. आसपास म्हणजे किती, ते पण काढता येतं, छोट्या आकड्याचा व्हेरिअन्स १/१८, रूट घेऊन १०० ने भागला की ०.००२४, म्हणजे बहुतेक वेळा ०.३२८ ते ०.३३८ च्या आत. ०.३४५ दिसलं तर एफ नाइन दाबून (नवे रँडम आकडे येतात) दोन-तीनदा बघा, तरी तेच येत असलं तर शीट आणि वही दोन्ही तपासायला घ्या, आधी वहीतल्या लिमिट्स.